पेटी लावली, ती उघडणार कोण?

शाळा पुन्हा सुरू होतात. कोठे एप्रिलमध्ये, कोठे जूनमध्ये. नवी वह्या-पुस्तके, नवा गणवेश, फीची पावती, रिक्षाचे भाडे या सगळ्याची जुळवाजुळव करताना पगाराचा बराचसा भाग संपतो आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. मुलगा शाळेत गेला, आता काळजी नाही! पण पंधरा दिवसांनी तोच मुलगा खिसा फाटलेला शर्ट घालून घरी येतो. आई विचारते, तेव्हा सांगतो, "खेळताना फाटला." आई खिसा शिवते. पुढच्या आठवड्यात डबा हरवतो. नंतर पोटात दुखू लागते, तेही नेमके सकाळी साडेसहाला. वडील लाइनवर असतात, नाही तर आरएमएसच्या रात्रपाळीहून येऊन झोपलेले असतात. तीन महिन्यांनी मुख्याध्यापकांचा निरोप येतो, तेव्हा गोष्ट उलटी झालेली असते. ज्याचा खिसा फाटत होता त्यानेच कंपासपेटीतले कर्कटक दुसऱ्याच्या हातात खुपसलेले असते.

असे घर आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. काहींचे ते स्वतःचेच आहे. रजा टाकून शाळेत गेलेला बाप तेथे मान खाली घालून उभा राहतो आणि घरी आल्यावर त्याच्या हाताला एकच उपाय सुचतो. पट्टा काढायचा. मार खाल्लेल्याने मारले, म्हणून त्याला आणखी मारायचे! या सापळ्यातून बाहेर पडण्याचा मार्ग आहे का, आणि असल्यास त्यासाठी आपण काय मागितले पाहिजे, याविषयी या अंकात आम्हांला बोलायचे आहे.

कामगारांच्या मुखपत्रात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. महागाई भत्ता, रिक्त पदे, बदल्या, निवृत्तिवेतन हे आपले नेहमीचे विषय आहेत आणि ते राहतीलच. पण आपण रात्रपाळ्या कोणासाठी करतो? उन्हापावसात बीट कोणासाठी चालतो? मुलांनी आपल्यापेक्षा चार पावले पुढे जावे म्हणूनच ना? मग ती मुले दिवसाचे सहा तास ज्या इमारतीत घालवतात तेथे काय घडते, हा प्रश्न संघटनेचा नाही असे आम्हांला वाटत नाही. शिवाय या प्रश्नाच्या मुळाशी गेल्यावर जे सापडते ते आपल्या अगदी ओळखीचे आहे. मुळाशी आहे मंजूर न झालेले एक पद आणि कोणाच्या तरी डोक्यावर टाकलेले जादा काम.

प्रथम प्रश्नाचा आवाका पाहू. युनेस्कोने २०१९ साली अनेक देशांतील आकडेवारी एकत्र करून सांगितले की, शाळेत जाणाऱ्या जवळपास तीन मुलांपैकी एकाला मागील महिनाभरात एकदा तरी बरोबरीच्या मुलांकडून छळ सोसावा लागला होता. छळ म्हणजे केवळ मारामारी नव्हे. रोज एकाच मुलाला नाव ठेवणे, डबा पळवणे, जातीवरून वा रंगावरून टोमणे मारणे, खेळात न घेणे, आणि आता मोबाइलवरच्या गटात त्याचे चित्र टाकून सर्वांनी हसणे, हे सारे त्यात आले. ताकदीने वरचढ असलेला एकजण किंवा टोळके दुबळ्याला पुन्हा पुन्हा त्रास देते, हे त्याचे लक्षण.

आणि वडीलधाऱ्यांचे काय? केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतील मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शाळेत जाणाऱ्या तीन मुलांपैकी सुमारे दोघांनी शाळेत मार खाल्ल्याचे सांगितले होते. त्यानंतर २००९ चा शिक्षण हक्क कायदा आला. त्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी केली. कायदा झाला, पण छडी पुष्कळ ठिकाणी टेबलाच्या खणात गेली इतकेच. मोठी माणसे आपला प्रश्न हाताने सोडवतात हे मूल रोज पाहत असेल, तर मधल्या सुट्टीत ते वेगळे काय करणार? आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

यावर एक लोकप्रिय उपाय नेहमी सुचवला जातो. दम भरा! पोलिसांना बोलवा, कोठडी दाखवा, एकदा भीती बसली की पोरे सरळ होतील. हा उपाय अमेरिकेत मोठ्या थाटात करून झाला आहे. न्यू जर्सीतल्या रॉवे येथील तुरुंगात सत्तरच्या दशकात वांड मुलांना नेत, आणि जन्मठेपेचे कैदी त्यांच्यावर ओरडून तुरुंगातले हाल ऐकवीत. १९७८ साली त्यावर चित्रपट निघाला, त्याचे कौतुक झाले, आणि ठिकठिकाणी तसे कार्यक्रम सुरू झाले. पुढे अभ्यासकांनी अशा नऊ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून तपासले. तुरुंग पाहून आलेल्या मुलांनी न गेलेल्या मुलांपेक्षा पुढे जास्त गुन्हे केले होते! काहीच न करणे याहून बरे ठरले असते. भीतीने मूल शहाणे होत नाही. एक तर ते खचते, नाही तर दुसऱ्याला भीती घालायला शिकते.

मग उपयोग कशाचा होतो? याचे पहिले मोठे उत्तर नॉर्वेतून आले. १९८२ च्या अखेरीस त्या देशाच्या उत्तर भागात तीन मुलांनी आत्महत्या केल्या. शाळासोबत्यांनी केलेला छळ हेच बहुधा कारण असावे असे पुढे आले आणि देश हादरला. १९८३ मध्ये तेथील शासनाने सर्व शाळांत मोहीम सुरू केली. डान ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञाने बर्गन शहरातील ४२ शाळांत सुमारे अडीच हजार मुलांवर लक्ष ठेवले. उपाय साधे होते. मधल्या सुट्टीत मैदानावर मोठ्या माणसाने हजर राहावे. वर्गाने मिळून चार नियम ठरवावेत आणि ते भिंतीवर लावावेत. छळाची घटना कळताच त्रास देणाऱ्याशी, त्रास सोसणाऱ्याशी आणि दोघांच्याही पालकांशी वेगवेगळे, गंभीरपणे बोलावे. "पोरांचे चालायचेच" असे म्हणून कोणी पाठ फिरवू नये. दोन वर्षांत तेथे छळाचे प्रमाण सुमारे निम्म्याने उतरले. पुढे इतर देशांत एवढे मोठे यश सर्वत्र आले नाही. अनेक देशांतील कार्यक्रमांचा २०११ साली एकत्र हिशेब केला गेला, तेव्हा सरासरी घट वीस टक्क्यांच्या आसपास निघाली. पण जेथे मैदानावर देखरेख होती आणि पालकांच्या बैठका होत होत्या, तेथे गुण अधिक आला, हेही त्याच हिशेबात दिसले.

नॉर्वेचे आम्हांला काय सांगता, असे वाचक म्हणतील, आणि ते रास्त आहे. तेथील वर्गात मुले किती, आणि आपल्या वर्गात किती! म्हणून आता आपल्याच देशातले उदाहरण घेऊ. त्यासाठी बिहारला जाऊ या. दानापूर विभागात काम केलेल्या आमच्या बांधवांना बख्तियारपूर-राजगीर मार्ग परिचयाचा असेल. बिहारशरीफ आणि नालंदा ही स्थानके त्याच मार्गावरची. त्या नालंदा जिल्ह्यातील ७४ सरकारी माध्यमिक शाळांत 'सेहर' नावाचा प्रयोग झाला. सेहर म्हणजे पहाट. बिहार शासनाच्या सहकार्याने तो चालवणारी 'संगाथ' ही संस्था आपल्या शेजारच्या गोव्याची. त्याचे निष्कर्ष २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शाळा बिहारच्या, वर्ग बिहारचे, अडचणीही आपल्याच. तेव्हा येथे परदेशाची सबब चालत नाही.

या प्रयोगात शाळांचे तीन गट चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने पाडले होते. तिन्ही गटांत बिहार शासनाचा 'तरंग' हा किशोर-शिक्षणाचा वर्गातला कार्यक्रम होताच. एका गटात तेवढाच ठेवला. दुसऱ्या गटात प्रत्येक शाळेत एक 'सेहर मित्र' नेमला. हा मित्र कोणी डॉक्टर वा मोठा मानसशास्त्रज्ञ नव्हता. तो प्रशिक्षण दिलेला एक सामान्य माणूस होता, पण त्याचे काम तेच आणि तेवढेच होते. तिसऱ्या गटात तेच काम, त्याच कार्यक्रमानुसार, शाळेतल्याच एका शिक्षकाकडे सोपवले. त्यालाही प्रशिक्षण दिले होते. नववीतली तेरा हजारांहून अधिक मुले-मुली यात होती.

मित्राने करायचे काय? प्रार्थनेच्या वेळी सर्व शाळेपुढे एखादा विषय मांडायचा. भित्तिपत्रक चालवायचे. मुलांचे गट करून दादागिरी, व्यसन, मुलामुलींतला भेदभाव यांवर त्यांनाच बोलते करायचे. शाळेत शिक्षक, पालक आणि विद्यार्थी यांची समिती चालवायची. ज्याला एकट्याला काही सांगायचे असेल त्याचे ऐकून घ्यायचे. आणि शाळेत एक पेटी लावायची. जे तोंडाने सांगता येत नाही ते मुलाने चिठ्ठीवर लिहावे, नाव घालावे वा न घालावे, आणि पेटीत टाकावे.

आठ महिन्यांनी मोजमाप झाले. जेथे स्वतंत्र मित्र होता तेथे शाळेतले वातावरण स्पष्टपणे सुधारले. छळ कमी झाला, मारणे आणि मार खाणे दोन्ही कमी झाले, मुलांच्या मनावरचे मळभही कमी झाले. आणि जेथे तेच काम शिक्षकाकडे दिले होते तेथे? काहीही नाही! ज्या शाळांत फक्त जुना कार्यक्रम चालू होता त्यांच्यात आणि या शाळांत म्हणण्यासारखा फरकच आढळला नाही. पुढच्या वर्षीही पाहणी झाली. मित्र असलेल्या शाळांतला गुण पहिल्या वर्षापेक्षा वाढला होता. शिक्षकांच्या गटात मात्र पहिल्याच जागी मुक्काम.

या निष्कर्षावर आम्हांला वाचकांनी थोडे थांबावे असे वाटते. कार्यक्रम तोच, पेटी तीच, भित्तिपत्रक तेच. फरक एकच. एका ठिकाणी कामासाठी माणूस होता, दुसऱ्या ठिकाणी कामासाठी आधीच वाकलेल्या माणसाची पाठ होती.

टपाल खात्यातल्या आमच्या बांधवांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. टपालपेटी लाल रंगवून भिंतीला ठोकली म्हणजे टपालसेवा सुरू होत नाही. कोणी तरी ठरल्या वेळी यावे लागते, कुलूप काढावे लागते, पत्रे पिशवीत भरावी लागतात, आणि त्यानंतर शिक्का, छाननी, बीट अशी माणसांची साखळी उभी असावी लागते. एखादी पेटी महिनाभर न काढता राहिली, तर गावातली माणसे त्यात पत्र टाकणे बंद करतात. मूलही तसेच असते. त्याने एकदा धीर करून चिठ्ठी टाकली आणि आठ दिवसांत काहीच झाले नाही, तर ते पुन्हा चिठ्ठी टाकणार नाही. नंतर आपण त्यालाच विचारू, "आधी का सांगितले नाहीस?" त्याने सांगितले होते. पेटी कोणी उघडली नव्हती.

यात शिक्षकांना दोष देण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. उलट तोच आमचा मुद्दा आहे. शिक्षक हाही आपल्यासारखाच काम करणारा माणूस. वर्गातली साठ-साठ मुले, अभ्यासक्रम, परीक्षा, माहितीचे तक्ते, पोषण आहाराचा हिशेब, निवडणुकीची याद्यांची कामे, आणि मागून वेगवेगळ्या ॲपवर फोटो चढवणे! शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने दहा वर्षांची जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढीच बिगर-शैक्षणिक कामे शिक्षकाला देता येतील असे म्हटले आहे. प्रत्यक्षात काय होते ते कोणत्याही शिक्षकाला विचारावे. अशा माणसाला "आता आठवड्यातून थोडा वेळ मुलांची मनेही सांभाळ" असे सांगणे म्हणजे पॉइंट्समनला गेटही सांभाळायला सांगण्यासारखे आहे. दोन्ही कामे कागदावर होतील, आणि एक दिवस दोन्ही चुकतील.

याला आणखी एक बाजू आहे. जो गुण देतो, नापास करतो, प्रसंगी हातही उगारतो, त्याच्यापाशी चौदा वर्षांचे मूल मन मोकळे करील कसे? "सर, मला वर्गात त्रास होतो," हे सांगणे सोपे. "सर, तुमच्याच मारण्यामुळे मुले मला हसतात," हे कोण सांगणार? खात्यातल्या तक्रारीची चौकशी ज्याच्याविरुद्ध तक्रार त्याच अधिकाऱ्याकडे देऊ नये, असे आपण गेली कित्येक वर्षे सांगत आलो आहोत. मुलांच्या बाबतीत तोच न्याय लावावा, एवढेच.

मुंबईतही एक प्रयोग झाला आहे, आणि त्यातूनही हेच अंगाने निघते. २००८ सालापासून मुंबईतील ४५ महापालिका शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी 'जेम्स' या नावाने ओळखला जाणारा कार्यक्रम राबवला गेला. टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि चेंबूरच्या वस्त्यांत काम करणारी 'कोरो' ही संस्था त्यात होत्या. मुलगा म्हणजे मारणाराच, मुलगी म्हणजे सोसणारीच, या समजुतीला हात घालणे हा त्याचा गाभा. काही शाळांत केवळ मोहीम घेतली. फलक, स्पर्धा, नाटुकली. काही शाळांत मोहिमेबरोबरच वर्गात गट बसवून पुन्हा पुन्हा चर्चा घेतल्या. विचारांत अधिक फरक पडला तो चर्चा झालेल्या शाळांत. फलक लावून भागत नाही. कोणी तरी समोर बसावे लागते.

आता सध्या काय चालले आहे ते पाहू. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२० मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली शाळांसाठी आरोग्य कार्यक्रम जाहीर केला. त्यात ११ विषय आहेत. मनाचे आरोग्य आहे, व्यसनमुक्ती आहे, हिंसा व अपघातांपासून सुरक्षितता आहे, इंटरनेटचा सुरक्षित वापरही आहे. विषयांची निवड चांगली आहे आणि त्याबद्दल आम्ही शासनाचे अभिनंदनच करू. पण ते शिकवणार कोण? प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, एक पुरुष आणि एक स्त्री. त्यांना 'आरोग्य व कल्याण दूत' असे नाव दिले आहे. नाव मोठे, पद नाही. म्हणजे दोन वर्षांपूर्वीच नालंदा जिल्ह्यात ज्या पद्धतीचा गुण आला नाही असे दिसून आले होते, जवळपास तीच पद्धत देशभर नेली गेली. ज्या पद्धतीचा गुण आला ती महाग पडते म्हणून बाजूला राहिली, असे आम्ही समजायचे काय?

रेल्वेतल्या आमच्या बंधूंना मानवरहित समपार फाटके आठवत असतील. कित्येक दशके तेथे काय होते? रस्त्यावर 'थांबा, पाहा' असा फलक, आणि चालकासाठी रुळाकडेला 'सी/फा'ची पाटी. ट्रॅक्टर, शाळेच्या गाड्या, बैलगाड्या त्या फलकाशेजारीच चिरडल्या गेल्या. फलकात काही चूक नव्हती. तेथे माणूस नव्हता, हीच चूक होती. मग काही फाटके बंद केली, काहींखालून रस्ते काढले, काहींवर गेटमन नेमले, मध्यंतरी 'गेट मित्र'ही उभे केले. जानेवारी २०१९ पर्यंत ब्रॉडगेजवरचे शेवटचे मानवरहित फाटकही गेले. अशा फाटकांवरचे अपघातही त्याबरोबर गेले. त्यासाठी पैसा लागला, आणि तो सापडला. शाळेतला मुलगाही रोज एक मानवरहित फाटक ओलांडत असतो. एका बाजूला मधली सुट्टी, दुसऱ्या बाजूला वर्ग, आणि मध्ये टपून बसलेले टोळके. तेथे आपण अजून फलकच लावतो आहोत.

खर्चाचा प्रश्न अर्थातच पुढे केला जाईल. आमचे म्हणणे असे की, खर्च आजही होतच आहे, फक्त त्याची नोंद वेगळ्या खात्यावर पडते. शाळा सोडलेल्या मुलाची फी, दवाखान्याचे बिल, बापाच्या बिनपगारी रजा, पुढे वकिलाची फी, बालसुधारगृहाचा आणि पोलीस ठाण्याचा खर्च, हे सारे कोण देतो? २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अत्यंत गंभीर गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याची वाट मोकळी केली. तो कायदा करताना संसदेत जेवढी चर्चा झाली, त्याच्या निम्मी तरी सातवी-आठवीतल्या मुलाशी बोलायला शाळेत माणूस हवा यावर झाली असती, तर बरे झाले असते. वरातीमागून घोडे नाचवण्याची आपल्याकडे हौस फार.

मात्र येथे संघटनेने डोळे उघडे ठेवले पाहिजेत. "माणूस नेमा" एवढेच म्हणून थांबलो, तर काय होईल ते आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे. ठेकेदारामार्फत, अकरा महिन्यांच्या करारावर, तुटपुंज्या मानधनावर एखादी पदवीधर मुलगी नेमली जाईल. एका मुलीच्या गळ्यात चार शाळा पडतील. मुलांचा तिच्यावर विश्वास बसू लागेल तोच करार संपेल. ग्रामीण डाक सेवकांनी आयुष्य घालवले तरी त्यांना खात्याचे पूर्ण नोकर मानत नाहीत, हे दुःख आपल्या घरातले आहे. मुलांच्या मनाशी संबंध असलेल्या कामात तर सातत्य हेच औषध आहे. नालंदा जिल्ह्यात दुसऱ्या वर्षी गुण वाढला हे विसरू नये. म्हणून मागणी पदाची असली पाहिजे, प्रकल्पाची नव्हे.

आणि आता थोडे आपल्याविषयी. प्रशासनाकडे बोट दाखवताना उरलेली बोटे कोणाकडे वळतात हे पाहण्याचा प्रामाणिकपणा आपल्यात हवा. युगांडातील लुवेरो जिल्ह्यात ४२ प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला. तेथे भर मुलांना उपदेश करण्यावर नव्हता, मोठ्या माणसांची वागणूक बदलण्यावर होता. दीड वर्षाने शिक्षक व इतर कर्मचाऱ्यांकडून मुलांना होणाऱ्या मारहाणीचा धोका ४२ टक्क्यांनी उतरला. म्हणजे मोठी माणसे बदलू शकतात! ड्युटीवरचा राग घरी आणून मुलावर काढणे, दारू पिऊन आईवर हात टाकणे, "मार खाऊन आलास? जा, दोन देऊन ये" असे मुलाला शिकवणे, हे आपल्या क्वार्टर्समध्ये घडत नाही असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे. पट्ट्याने शिकवलेला धडा मुलगा विसरत नाही. तो फक्त आपल्याहून लहान मूल शोधतो.

बदलीच्या नोकरीचाही यात वाटा आहे. भुसावळचा मुलगा बापाच्या बदलीबरोबर हुबळीला वा खरगपूरला जातो. वर्षाच्या मध्येच नवी शाळा, नवी भाषा, उच्चारावरून हसणारी मुले. टोळक्याला असाच एकटा मुलगा हवा असतो. शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत जुने क्वार्टर ठेवण्याची सोय रेल्वेच्या नियमांत आहे. पण बाप एकीकडे आणि घर दुसरीकडे असे होते, म्हणून पुष्कळजण ती घेत नाहीत, काहींना ती ठाऊकही नसते. शाखेच्या कार्यकर्त्यांनी बदली झालेल्या प्रत्येक सभासदाला ती सांगावी.

या साऱ्याचा विचार करून आम्ही पुढील मागण्या आणि कामे शाखांपुढे ठेवीत आहोत.

एक : प्रत्येक माध्यमिक शाळेत विद्यार्थी-समुपदेशकाचे पूर्णवेळ, मंजूर आणि नियमित पद असावे. रेल्वेच्या शाळांची संख्या घटत आली असली तरी ज्या उरल्या आहेत त्यांपासून सुरुवात करण्याचा आग्रह पीएनएमच्या बैठकीत कार्यसूचीवर विषय घालून धरावा. आपल्याच प्रशासनाच्या हातातली गोष्ट आहे, तेथे दुसऱ्याकडे बोट दाखवता येणार नाही.

दोन : शिक्षक संघटनांच्या बिगर-शैक्षणिक कामांविरुद्धच्या मागणीला आपल्या शाखांनी उघड पाठिंबा द्यावा. त्यांच्या डोक्यावरचा बोजा हा आपल्या मुलांच्या डोक्यावरचा बोजा आहे.

तीन : शाळेत तक्रारपेटी असेल तर ती कोणत्या वारी, कोणी, कोणाच्या समक्ष उघडायची हे ठरलेले असावे आणि पेटीवरच लिहिलेले असावे. शिक्षकाविरुद्धची तक्रार त्याच शिक्षकाच्या हाती पडू नये. चिठ्ठीवर काय केले याची नोंद राहावी.

चार : पालकसभेसाठी किंवा शाळेने बोलावल्यास रजेचा दिवस न कापता काही तास मोकळीक मिळावी. रनिंग स्टाफच्या बाबतीत लिंक लावताना याचा विचार व्हावा. बदल्यांचे आदेश शक्यतो शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस निघावेत.

पाच : शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते, आणि तिच्यातले तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात. या जागा कागदावर भरलेल्या असतात. आपल्या सभासदांनी, विशेषतः भगिनींनी, तेथे जाऊन बसावे, मधल्या सुट्टीत मैदानावर कोण उभे असते हा साधा प्रश्न विचारावा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावा.

यांतली पाचवी गोष्ट करायला कोणाच्या मंजुरीची गरज नाही. ती या महिन्यातच करता येईल. कॉलनीतल्या निवृत्त बांधवांना आमची विनंती आहे की, शाळा सुटण्याच्या वेळी पाराखाली बसण्याऐवजी त्यांनी कोपऱ्यावर उभे राहावे. काही बोलू नये, काठी उगारू नये, नुसते उभे राहावे. ज्यांनी तीस वर्षे गेट सांभाळले त्यांना उभे राहण्याचे महत्त्व आम्ही काय सांगावे?

आणि ज्या घरात आज फाटलेला खिसा शिवला जात असेल त्या आई-बापांना एवढेच सांगणे आहे. मूल "खेळताना फाटला" म्हणाले तर ओरडू नका, आणि तेवढ्यावर विश्वासही ठेवू नका. सुई बाजूला ठेवा, त्याच्याशेजारी बसा. त्याच्या मनातली पेटी उघडण्याची वेळ तीच असते, आणि ती दरवेळी येत नाही.